इंग्रजी वाक्य ओळखायचं तर आधी पहिले दोन शब्द बघा

मराठीत वाक्याचा प्रकार शेवटी कळतो. 'गाडी आली' आणि 'गाडी आली का' यांत फरक शेवटच्या 'का'चा. 'तू जा', 'तू जातोस', 'तू जाऊ नकोस' यांतही जे काही ठरतं ते शेवटी. कधी कधी तर शब्दसुद्धा बदलावा लागत नाही, 'गाडी आली?' असा नुसता सूर चढवला तरी समोरच्याला प्रश्न कळतो. त्यामुळे आपले कान शेवटाकडे लागलेले असतात. इंग्रजी वाचतानाही मुलं तेच करतात. थेट वाक्याच्या टोकाला जातात. प्रश्नचिन्ह दिसलं की प्रश्नार्थी, उद्गारचिन्ह दिसलं की उद्गारार्थी, पूर्णविराम दिसला की विधानार्थी. परीक्षेत चिन्ह न देता वाक्य आलं की मग अडतं.

इंग्रजी वाक्याचा प्रकार बहुतेक वेळा सुरुवातीलाच ठरून जातो. पहिला शब्द कोणता आणि त्याच्या लगेच नंतर काय आलं, एवढं बघायची सवय लागली की दहापैकी नऊ वाक्यं चिन्हाशिवायही ओळखता येतात. ही सवय कशी लावायची ते इथे पायरीपायरीने सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवी-नववीत गेलेली मुलं, शिष्यवृत्तीला बसणारी मुलं, आणि गावातल्या अभ्यासिकेत भरतीची पुस्तकं घेऊन बसलेले दादा-ताई, सगळ्यांना हे उपयोगी पडेल. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, म्हणजे हा विषय दहावीनंतरही सुटत नाही.

एक काम मात्र आधी करा. इथली इंग्रजी वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. वहीत ती इंग्रजी अक्षरांत उतरवून घ्या. स्पेलिंग अडलं तर शब्दकोश काढा. वाचून सोडून दिलं तर हे डोक्यात राहत नाही.

नावं आधी पाठ करा

अर्थावरून पडणारे मुख्य प्रकार चार. असर्टिव्ह म्हणजे विधानार्थी. काही पुस्तकांत यालाच डिक्लरेटिव्ह म्हणतात, घाबरू नका, एकच आहे. इंटरॉगेटिव्ह म्हणजे प्रश्नार्थी. इम्परेटिव्ह म्हणजे आज्ञार्थी. एक्सक्लेमेटरी म्हणजे उद्गारार्थी. आपल्याकडची काही पुस्तकं पाचवा प्रकार वेगळा काढतात, ऑप्टेटिव्ह, म्हणजे इच्छा किंवा आशीर्वाद सांगणारं वाक्य. रचनेवरून पडणारे प्रकार तीन: सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स. ही दोन वेगवेगळी वर्गवारी आहे. एकच वाक्य असर्टिव्हही असतं आणि कॉम्प्लेक्सही असतं. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते पर्याय बघून ठरवायचं.

पहिली पायरी: कर्ता आणि क्रियापद शोधा

साध्या विधानात इंग्रजीचा क्रम ठरलेला असतो. आधी कर्ता, लगेच क्रियापद, मग बाकीचं. 'द फार्मर सोज कॉटन इन जून.' इथे 'द फार्मर' कर्ता, 'सोज' क्रियापद. 'लोणार लेक इज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट.' 'गाडगेबाबा वॉज बॉर्न ॲट शेंडगाव इन 1876.' तिन्ही वाक्यांत कर्ता पुढे आहे आणि क्रियापद त्याच्या मागोमाग. हा क्रम दिसला की वाक्य असर्टिव्ह.

आता सहाय्यक क्रियापदांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ॲम, इज, आर, वॉज, वेअर, डू, डझ, डिड, हॅव, हॅज, हॅड, विल, वुड, शॅल, शुड, कॅन, कुड, मे, माइट, मस्ट. ही पाठच हवीत. पुढचं सगळं यांच्यावर चालतं.

दुसरी पायरी: पहिला शब्द बघा, पण दुसऱ्यावर थांबा

ही तीन वाक्यं बघा. चिन्हं मुद्दाम काढली आहेत.

डू यू नो हिम
डू नॉट टच द स्टार्टर
डू द सम अगेन

तिन्हींची सुरुवात 'डू'ने. पहिल्यात 'डू'नंतर लगेच 'यू' हा कर्ता आला. सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आलं की प्रश्न, म्हणून ते इंटरॉगेटिव्ह. दुसऱ्यात 'डू'नंतर 'नॉट' आणि मग मूळ क्रियापद 'टच'. कर्ता कुठेच नाही, म्हणून नकारार्थी इम्परेटिव्ह. तिसऱ्यात 'डू' हेच मुख्य क्रियापद आहे, 'करा' अशा अर्थाचं, तेही इम्परेटिव्ह. नुसता पहिला शब्द बघून उत्तर दिलं असतं तर तिन्ही प्रश्नार्थी वाटली असती. 'हॅव'चंही असंच. 'हॅव यू सीन द मॅच' हा प्रश्न, कारण नंतर 'यू' आहे. 'हॅव अ सीट' म्हणजे 'बसा ना जी', तो आग्रह आहे, म्हणून इम्परेटिव्ह.

या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देतो. वर्गात शिकवणाऱ्यांनाही विनंती आहे, चिन्हं दाखवून प्रकार शिकवू नका. फळ्यावर वाक्य चिन्हाशिवाय लिहा आणि पोरांना पहिल्या दोन शब्दांखाली रेघ मारायला लावा.

प्रश्नार्थी वाक्य आणि आपलं 'काय'

इंग्रजी प्रश्न दोन तऱ्हेचे. एकाचं उत्तर हो किंवा नाही. तो सहाय्यक क्रियापदाने सुरू होतो: 'डू टायगर्स लिव्ह इन ताडोबा?' दुसऱ्याला माहिती हवी असते. तो व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, हू, विच, हाऊ यांपैकी एकाने सुरू होतो आणि त्यानंतर पुन्हा सहाय्यक क्रियापद आणि मग कर्ता: 'व्हेअर डझ धिस बस गो?'

आपल्या मुलांची गडबड होते ती 'काय'मुळे. आपल्या बोलीत 'काय' दोन कामं करतो. 'उद्या अमरावतीले जातं काय?' यात 'काय' फक्त प्रश्न करतो. 'अमरावतीहून काय आणलं?' यात 'काय' म्हणजे कोणती वस्तू. मूल पहिल्या वाक्यातही 'व्हॉट' घालून 'व्हॉट यू आर गोइंग' असं लिहून मोकळं होतं. म्हणून असं करा: 'काय' काढून टाकून वाक्य वाचा. 'उद्या अमरावतीला जातोस' हे पूर्ण वाक्य राहतं, म्हणजे इंग्रजीत 'व्हॉट' नको, सहाय्यक क्रियापद पुढे आणा: 'आर यू गोइंग टू अमरावती टुमारो?' 'अमरावतीहून आणलं' हे मात्र अर्धवट वाटतं, काय आणलं ते कळत नाही. तिथे 'व्हॉट' हवं: 'व्हॉट डिड यू ब्रिंग फ्रॉम अमरावती?' 'काऊन नाही आला?' मध्ये ही अडचण येत नाही. तिथे सरळ 'व्हाय' येतं: 'व्हाय डिड यू नॉट कम?'

'हू' स्वतःच कर्ता असेल आणि वाक्यात 'नॉट' नसेल तर 'डिड' लागत नाही: 'हू कव्हर्ड द वेल?' हा अपवाद लक्षात ठेवा.

आता फसवणारं वाक्य: 'आय डोन्ट नो व्हेअर द बस स्टॉप्स.' मध्ये 'व्हेअर' दिसतं म्हणून पुष्कळ जण इंटरॉगेटिव्ह लिहितात. सुरुवात बघा. 'आय' कर्ता, मग क्रियापद. म्हणजे असर्टिव्ह. शिवाय 'व्हेअर'नंतर 'द बस स्टॉप्स' असा सरळ क्रम आहे, 'डझ' नाही. प्रश्न वाक्याच्या पोटात असला तरी वाक्य विधानच आहे. 'कॅन यू टेल मी व्हेअर द बस स्टॉप्स?' हे मात्र इंटरॉगेटिव्ह, कारण सुरुवातीला 'कॅन यू' आहे.

काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारत, आणि माणसं त्यातूनच विचार करायला लागत. 'हू डझ नॉट लव्ह हिज मदर?' हा त्याच जातीचा प्रश्न. याला उत्तर नको आहे. अर्थ आहे 'एव्हरीबडी लव्ह्ज हिज मदर.' प्रकार विचारला तर इंटरॉगेटिव्हच लिहा, आणि असर्टिव्ह करा असं सांगितलं तर 'एव्हरीबडी'चं वाक्य लिहा. प्रश्नात 'नॉट' असेल तर विधान होकारार्थी होतं, 'नॉट' नसेल तर नकारार्थी होतं: 'हू कॅन स्टॉप द रेन?' चं 'नोबडी कॅन स्टॉप द रेन.'

आज्ञार्थी वाक्य: फवारणीच्या डब्यावर शिका

इम्परेटिव्ह वाक्य मूळ क्रियापदाने सुरू होतं. कर्ता 'यू' असतो, पण लिहिलेला नसतो. हुकूम, विनंती, सल्ला, मनाई, सगळं यातच येतं. सुरुवातीला 'प्लीज', 'काइंडली', 'डोन्ट', 'नेव्हर', 'ऑलवेज' किंवा 'लेट' असू शकतं. 'नेव्हर'च्या बाबतीत सावध राहा, त्याचा एक डाव शेवटी दाखवतो.

याच्या सरावासाठी पुस्तक लागत नाही. घरात कीटकनाशकाचा रिकामा डबा असेल तर त्याला हात न लावता दुरून लेबल वाचा, किंवा कृषी केंद्रात गेल्यावर नवीन डब्यावरचं वाचा. 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रेन.' पहिलाच शब्द 'कीप', मूळ क्रियापद, कर्ता नाही: इम्परेटिव्ह. जास्त विषारी औषधांवर आणखी एक सूचना असते: 'इफ स्वॉलोड, ऑर इफ सिम्प्टम्स ऑफ पॉयझनिंग ऑकर, कॉल फिजिशियन इमिजिएटली.' हे वाक्य 'इफ'ने सुरू होतं, मग इम्परेटिव्ह कसं? वाक्याच्या सुरुवातीला अट असेल तर ती स्वल्पविरामापर्यंत बाजूला ठेवा आणि तिथून पुढचा पहिला शब्द बघा. तो आहे 'कॉल'. मूळ क्रियापद, कर्ता नाही. गिळलं गेलं किंवा विषबाधेची लक्षणं दिसली तर ताबडतोब डॉक्टरला बोलवा, असा तो हुकूम आहे.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्या डब्यांवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आणि त्याखालच्या सूचना घरातल्या शिकत्या मुलाने बापाला, काकाला वाचून दाखवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. इम्परेटिव्ह वाक्य ओळखता आलं की डब्यावरचं कोणतं वाक्य माहिती देतंय आणि कोणतं 'हे करा, हे करू नका' सांगतंय, ते पटकन कळतं.

कोणाचं नाव घेऊन सुरू झालेलं वाक्यही असंच सोडवायचं. 'संगीता, ओपन द गेट.' मध्ये 'संगीता' ही हाक आहे, कर्ता नाही. स्वल्पविरामानंतर बघा. 'कुड यू ओपन द गेट?' हीसुद्धा विनंतीच, पण रचना प्रश्नाची आहे. परीक्षेत इंटरॉगेटिव्ह लिहा.

उद्गारार्थी वाक्य

इथेही सुरुवात 'व्हॉट' किंवा 'हाऊ'ने होते, म्हणून प्रश्नाशी गल्लत होते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा माणूस दोन्ही म्हणू शकतो:

हाऊ हॉट इज इट
हाऊ हॉट इट इज

पहिल्यात 'इज' हे 'इट'च्या आधी आहे. किती गरम आहे, आकडा सांग, असा प्रश्न. दुसऱ्यात 'इट' आधी, 'इज' नंतर. किती गरम आहे हे, बापा! असा उद्गार. इथे पहिले दोन शब्द सारखेच आहेत, म्हणून विशेषणानंतर कर्ता आधी आला की क्रियापद, ते बघावं लागतं. कर्ता आधी आला तर एक्सक्लेमेटरी.

'व्हॉट'नंतर 'अ' किंवा 'ॲन' आलं की जवळजवळ नक्की उद्गार: 'व्हॉट अ ब्यूटिफुल लेक लोणार इज!' नाम अनेकवचनी असेल तर 'अ' गळतं: 'व्हॉट स्वीट ऑरेंजेस दीज आर!' असर्टिव्ह करताना 'व्हॉट' किंवा 'हाऊ' काढा, कर्ता आणि क्रियापद पुढे आणा, विशेषणाआधी 'व्हेरी' घाला, शेवटी पूर्णविराम द्या: 'दीज ऑरेंजेस आर व्हेरी स्वीट.' वाक्यात विशेषणच नसेल, नुसतं 'व्हॉट अ क्राउड!' असेल, तर योग्य विशेषण आपण द्यायचं: 'इट इज अ व्हेरी बिग क्राउड.'

हुर्रा, अलास, ब्राव्हो, ओह अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्यंही यातच येतात. ती सोपी आहेत.

ऑप्टेटिव्हबद्दल थोडंच. 'मे यू लिव्ह लाँग!' 'लाँग लिव्ह द रिपब्लिक!' 'मे आय कम इन?' आणि 'मे यू लिव्ह लाँग!' यांत क्रम सारखाच आहे, त्यामुळे इथे अर्थच बघावा लागतो: परवानगी मागितली तर प्रश्न, भलं चिंतलं तर ऑप्टेटिव्ह. पर्यायांत ऑप्टेटिव्ह नसेल तर एक्सक्लेमेटरी निवडा.

होकार आणि नकार

'नॉट' दिसलं की नकारार्थी, हे सगळ्यांना येतं. न दिसणारा नकार ओळखायला शिका. नेव्हर, नोबडी, नथिंग, हार्डली, सेल्डम, फ्यू, लिटल हे शब्द आले तरी वाक्य नकाराकडे झुकतं. 'फ्यू बसेस कम टू अवर व्हिलेज' म्हणजे गावात बस जवळजवळ येतच नाही. 'अ फ्यू बसेस कम टू अवर व्हिलेज' म्हणजे चार-दोन तरी येतात. एका 'अ'ने अर्थ फिरतो.

रचना ओळखणं: क्रियापदं मोजा

सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स ओळखताना वाक्याची लांबी बघू नका. लांबलचक वाक्यही सिंपल असू शकतं. ज्या क्रियापदांना काळ आहे तेवढीच मोजा. 'टू' लावलेलं आणि नुसतं 'इंग' लावलेलं रूप मोजायचं नाही.

ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी लागलेली आहे आणि आभाळ भरून आलंय. एकच गोष्ट तीन रचनांत अशी सांगता येते:

सीइंग द डार्क क्लाउड्स, द फार्मर कव्हर्ड द सोयाबीन.
द फार्मर सॉ द डार्क क्लाउड्स अँड ही कव्हर्ड द सोयाबीन.
व्हेन द फार्मर सॉ द डार्क क्लाउड्स, ही कव्हर्ड द सोयाबीन.

पहिल्यात काळ असलेलं क्रियापद एकच, 'कव्हर्ड'. 'सीइंग' मोजायचं नाही. म्हणून सिंपल. दुसऱ्यात 'सॉ' आणि 'कव्हर्ड' अशी दोन, मध्ये 'अँड'. 'अँड'वर वाक्य तोडा: दोन्ही तुकडे स्वतःच्या पायावर उभे राहतात. म्हणून कंपाउंड. तिसऱ्यातही दोन क्रियापदं आहेत, पण 'व्हेन द फार्मर सॉ द डार्क क्लाउड्स' एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा 'मग?' असं विचारेल. एक तुकडा दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून कॉम्प्लेक्स. हे तोडून बघणं कोणत्याही वाक्याला लागू पडतं.

जोडणारे शब्दही मदत करतात. अँड, बट, ऑर, सो, येट यांनी पूर्ण वाक्यं जोडली तर कंपाउंड. बिकॉज, व्हेन, इफ, दो, अनलेस, दॅट, हू, विच असले तर बहुधा कॉम्प्लेक्स. पण शब्दावर आंधळा विश्वास नको. 'तूर अँड सोयाबीन ग्रो हिअर' मध्ये 'अँड' आहे, पण त्याने दोन नामं जोडली आहेत. क्रियापद एकच, वाक्य सिंपल. 'आफ्टर द हार्वेस्ट, वी विल गो टू शेगाव' हे सिंपल. 'आफ्टर द हार्वेस्ट इज ओव्हर, वी विल गो टू शेगाव' हे कॉम्प्लेक्स, कारण आता 'आफ्टर'नंतर कर्ता आणि क्रियापद दोन्ही आले. आणि 'आय थिंक इट विल रेन' यात 'दॅट' गाळलेलं आहे, तरी ते कॉम्प्लेक्सच.

आता तुम्ही करा

रोज पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्या, शेवटच्या चिन्हांवर बोट ठेवून झाका आणि प्रकार सांगा. मग बोट काढून पडताळा. सुरुवातीला खालची आठ वाक्यं पुरेत.

1. व्हेअर डझ धिस बस गो
2. नोबडी नोज व्हेअर धिस बस गोज
3. हाऊ स्वीट दीज ऑरेंजेस आर
4. नेव्हर टच अ लाइव्ह वायर
5. नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड
6. मे द रेन्स कम ऑन टाइम
7. हॅव अनदर भाकरी
8. देअर इज वॉटर इन द वेल बट देअर इज नो इलेक्ट्रिसिटी

पहिलं इंटरॉगेटिव्ह. दुसरं असर्टिव्ह, अर्थाने नकारार्थी, आणि रचनेने कॉम्प्लेक्स. तिसऱ्यात 'दीज ऑरेंजेस' हा कर्ता 'आर'च्या आधी, म्हणून एक्सक्लेमेटरी. सहावं ऑप्टेटिव्ह. सातवं इम्परेटिव्ह, आग्रहाचं. आठवं असर्टिव्ह आणि कंपाउंड. 'बट'वर तोडलं तर दोन्ही तुकडे पूर्ण वाटतात.

राहिली चौथं आणि पाचवं. दोन्ही 'नेव्हर'ने सुरू होतात. चौथ्यात 'नेव्हर'नंतर 'टच' हे मूळ क्रियापद आहे आणि कर्ता नाही: इम्परेटिव्ह. पाचव्यात 'नेव्हर'नंतर 'हॅव' आणि मग 'आय'. सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आलंय, तरी हा प्रश्न नाही. 'नेव्हर' जोर देण्यासाठी वाक्याच्या अगदी पुढे आणलं की इंग्रजीत त्यामागचा क्रम असा उलटतो. 'नेव्हर' जागेवर परत ठेवून वाचा: 'आय हॅव नेव्हर सीन सच अ क्राउड.' साधं विधान, नकारार्थी असर्टिव्ह.